वॉल्ट्झ सुधारायचा तर आणखी कोणता नाच शिकावा?

लंडनच्या इम्पीरिअल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेने १९२४ मध्ये बॉलरूम नृत्यासाठी स्वतंत्र शाखा काढली. त्याआधीच्या पिढीचे दिवाणखान्यातले नाच बॅलेच्या पाच पदस्थितींवर उभे होते. पावले बाहेरच्या बाजूला वळलेली असत आणि सरळ चालण्याला तिथे फारशी जागा नसे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतून फॉक्सट्रॉट आला, त्यासोबत नवे संगीत आले, आणि तरुण मंडळी रस्त्याने चालावे तशी पावले टाकत नाचू लागली. जोसेफिन ब्रॅडली, व्हिक्टर सिल्वेस्टर अशा शिक्षकांनी या चालण्याचेच शास्त्र बांधले. पावले समांतर, पुढचे पाऊल टाचेवर, आणि शरीर पायांच्या मागून फरपटत न येता पायांसोबत पुढे जाणारे. इंग्लिश शैलीचा बॉलरूम असा बॅलेपासून फारकत घेऊन स्वतःच्या पायांवर उभा राहिला. आज त्याच बॉलरूमचे कितीतरी स्पर्धक बॅलेच्या वर्गात भिंतीलगतची दांडी धरून गुडघे वाकवताना दिसतात. कोणी जाझ शिकतो, कोणी फ्लामेंको, कोणी अर्जेंटिनी टँगो. या सगळ्यातून त्यांना खरोखर काय मिळते, हा प्रश्न नीट तपासण्यासारखा आहे, कारण त्याचे प्रचलित उत्तर फार सैल आहे. ‘सगळेच नाच एकमेकांना पूरक असतात’ असे म्हणून भागत नाही. दुसऱ्या शैलीचे शिक्षण बॉलरूम नर्तकाला सुधारते हे खरे. पण जोडीने नाचताना झाकून राहणारी उणीव ती शैली उघडी पाडत असेल, तरच. आणि या कसोटीवर पाहिले, तर सगळ्यांच्या तोंडी आधी येणारे बॅलेचे नाव बहुतेक शिकणाऱ्यांच्या यादीत पहिले नसावे.

आधी ही उणीव झाकली कशी जाते ते पाहू. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बॉलरूमचे दहा नाच असतात. स्टँडर्ड विभागात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप; लॅटिन विभागात चा-चा-चा, सांबा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. स्टँडर्डमध्ये दोघे जवळजवळ पूर्ण वेळ एकमेकांच्या पकडीत असतात. या पकडीत दोन शरीरांचे मिळून एक संतुलन तयार होते. एकाचा तोल किंचित ढळला तर दुसऱ्याचा हात, खांदा किंवा बरगडी त्याला सावरते, आणि ढळला होता हे ढळणाऱ्यालाही कळत नाही. तालाचेही तसेच. दोघांपैकी एकाचा कान तयार असेल तर दुसरा त्याच्या हालचालीवर वर्षानुवर्षे नाचू शकतो. संगीत त्याने स्वतः ऐकलेलेच नसते. वर्गात बहुतेक वेळ आकृत्या शिकण्यात जातो. नॅचरल टर्न, फेदर स्टेप, व्हिस्क अशा रचना पाठ होतात, पण त्या रचनांखाली घोट्याची ताकद, अक्षाची जाण, लय आणि जोडीदाराचा इशारा ओळखण्याची संवेदना अशा चार वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. बॉलरूमच्या वर्गात त्या चारही एकाच वेळी मागितल्या जातात, म्हणून त्यातली कुठली कच्ची आहे हे समजणे अवघड होते. दुसरी शैली कामाला येते ती इथे, कारण ती यातली एखादी गोष्ट सुटी करून समोर ठेवते.

बॅले काय सुटे करतो हे सांगणे सोपे आहे: एकट्या शरीराचा अक्ष आणि पायाचा तळवा. जोडीदार नाही, धरायला दांडी आहे पण तिच्यावर रेलायचे नाही, आणि एका पायाच्या चवड्यावर उभे राहून सारे शरीर एका रेषेत ठेवायचे. वॉल्ट्झमध्ये शरीर वर चढते आणि खाली उतरते. ही चढउतार घोट्यांत बळ नसेल तर खांद्यांतून केली जाते, आणि खांदे उचलले की पकड मोडते. लॅटिनमधील स्त्रीच्या गिरक्यांना तर बॅलेचा उपयोग थेट आहे. रुंबा मिनिटाला २५ ते २७ आवर्तनांच्या संथ गतीने चालतो. अशा गतीत गिरकी घेताना वेगाच्या जोरावर तोल राखता येत नाही, अक्षच पक्का असावा लागतो. बॅलेतली गिरकी घेताना नजर एका बिंदूवर रोखून डोके शेवटी झटकन फिरवतात, ती सवय इथे जशीच्या तशी वापरता येते.

गिरकीबद्दल एक संशोधन इथे आवर्जून सांगायला हवे. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ मध्ये बॅले नर्तिका आणि त्यांच्या तुलनेसाठी नौकावल्हन करणाऱ्या स्त्रिया यांना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून फिरवले. खुर्ची थांबल्यावर ‘आपण अजून फिरतो आहोत’ ही जाणीव किती वेळ टिकते हे मोजले, आणि डोळ्यांची प्रतिक्षिप्त हालचालही मोजली. नर्तिकांमध्ये गरगरण्याची जाणीव लवकर विरली. सर्वसाधारण माणसांत डोळ्यांची ती हालचाल आणि भोवळीची जाणीव यांचा जवळचा संबंध असतो. नर्तिकांमध्ये तो सुटलेला आढळला. मेंदूच्या स्कॅनमध्ये लहान मेंदूच्या एका भागातही फरक दिसला. अंधारात नजर रोखायला बिंदू नव्हता, तरीही हा फरक पडला, म्हणजे वर्षानुवर्षांच्या सरावाने कानातल्या तोलयंत्राचे संकेत मेंदू स्वतःच दबवू लागतो. बॉलरूमसाठी ही बाब फार मोलाची आहे. व्हिएनीज वॉल्ट्झची गती मिनिटाला ५८ ते ६० आवर्तने असते आणि दोन आवर्तनांत जोडी एक पूर्ण फेरा घेते. म्हणजे मिनिटाला सुमारे तीस फेरे. या नाचात स्त्रीचे डोके डावीकडे झुकलेले आणि स्थिर असते, नजर रोखण्याची युक्ती तिला वापरताच येत नाही. तिथे भोवळ आवरायची ती मेंदूनेच. अर्थात या संशोधनातून किती दावा करायचा याला मर्यादा आहे. त्या नर्तिका लहानपणापासून शिकत आलेल्या होत्या, आणि आठवड्यातून एकदा बॅलेच्या वर्गाला जाणाऱ्या प्रौढाच्या मेंदूत तोच बदल होईल असे यातून सिद्ध होत नाही. गिरक्यांचा दीर्घ सराव मेंदू बदलत असावा, एवढे मात्र सूचित होते. आणि तो सराव एकट्याने करण्याची शिस्त बॅलेत आहे, बॉलरूममध्ये सहसा नाही.

इतके मान्य केल्यावर बॅलेची अडचणही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच असे मांडले होते की एका कामाचा सराव दुसऱ्या कामाला उपयोगी पडतो तो दोन्हींत जे घटक समान असतात त्यांच्यापुरताच. बॅले आणि स्टँडर्ड बॉलरूम यांत समान घटक वाटतात त्यापेक्षा कमी आहेत. बॅलेत मांडी खुब्यातून बाहेर वळते. बॉलरूममध्ये पावले समांतर असतात, आणि बाहेर वळलेले पाऊल जोडीदाराच्या पायात येते. बॅले शरीराला जमिनीपासून वर उचलायला शिकवतो. फॉक्सट्रॉट मात्र वाकलेल्या गुडघ्यातून, जमिनीला ढकलून, लांब आडव्या प्रवासाने फुलतो. बॅलेतले चालणे पायाच्या बोटांनी सुरू होते, बॉलरूममधले पुढचे पाऊल बहुधा टाचेने. १९२४ च्या मंडळींनी ज्या गोष्टी जाणीवपूर्वक वगळल्या, त्याच बॅले शिकलेला नर्तक नकळत परत घेऊन येतो. छाती ताणलेली, हनुवटी वर, हात सुंदर, आणि जोडी मात्र जागच्या जागी. नवशिक्याला आधी बॅलेकडे पाठवण्याबद्दल माझा आक्षेप इथे आहे. ज्याचे चालणेच अजून पक्के झालेले नाही, त्याला बॅलेचा आकार आधी चिकटतो आणि बॅलेचे बळ खूप उशिरा येते.

मग आधी कुठे जावे? लॅटिन नाचांच्या बाबतीत उत्तर इतिहासातच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात रुंबा नाचला जात होता, पण तो क्यूबातला नव्हता. चौकोनी पावलांचा, पहिल्या मात्रेवर पाऊल टाकणारा तो एक सोयीचा अवतार होता. लंडनमध्ये शिकवणारे फ्रेंच वंशाचे पिएर हे १९४७ मध्ये, आणि पुढे १९५१ व १९५३ मध्येही, क्यूबाला गेले आणि तिथली माणसे प्रत्यक्षात कशी नाचतात ते शिकून आले. तिथे पहिल्या मात्रेला पाऊल नव्हते. पाऊल दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत होते, आणि पहिल्या मात्रेवर शरीर वजन मुरवत होते. पिएर आणि त्यांच्या सहकारी डोरिस लव्हेल यांनी ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजवली. आधीच्या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांशी बरीच वर्षे वाद चालला, आणि अखेर आजच्या आंतरराष्ट्रीय रुंब्याचा पाया तोच ठरला. बॉलरूमच्या एका नाचाची सर्वांत मोठी सुधारणा दुसऱ्या नृत्यपरंपरेत जाऊन शिकल्याने झाली, याचा याहून थेट दाखला मिळणे कठीण.

ती वाट आजही खुली आहे. सोन किंवा कासिनो हे क्यूबन सामाजिक नाच शिकणाऱ्याला क्लावेच्या दोन आवर्तनांत पसरलेल्या पाच ठोक्यांचा आकृतिबंध ऐकायला शिकवले जाते. बॉलरूमच्या वर्गात ‘दोन, तीन, चार-आणि-एक’ एवढे मोजले की चा-चा-चा जमला असे समजतात. क्लावे ऐकणाऱ्याला त्या मोजणीमागे वाद्ये काय बोलत आहेत ते कळू लागते. कमरेचेही तसेच. रुंब्यात कंबर हलवायची म्हणून हलवली की ती खोटी दिसते. वजन सरळ झालेल्या पायावर पूर्ण उतरले की त्या बाजूचे नितंब आपोआप बाजूला आणि मागे सरते. ही पायांतून वर येणारी हालचाल आहे. क्यूबन नाचात संथ गतीने, आरशाशिवाय, ढोलांच्या साथीने ती शिकली तर देखाव्यासाठी कंबर हलवण्याची सवय सुटते. पासो डोब्लेसाठी फ्लामेंकोचे हेच महत्त्व. या नाचाचे विषय आणि पवित्रे स्पेनच्या बैलझुंजीचे, पण त्याचे स्पर्धेतले रूप फ्रान्समध्ये घडले, आणि त्याच्या कित्येक आकृत्यांची नावे आजही फ्रेंच आहेत. ज्याने फ्लामेंकोचे पदाघात आणि पाठीचा ताण अंगात घेतला आहे त्याच्या पासोत अभिनयाचा आव कमी आणि वजन जास्त असते. जाइव्हचा उगम न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या लिंडी हॉपमध्ये आहे. १९२६ मध्ये उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये फ्रँकी मॅनिंग यांच्यासारखे नर्तक तो नाचत, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांबरोबर त्या कुळातले नाच ब्रिटनमध्ये पसरले. स्पर्धेतला जाइव्ह आता टोकदार लाथांचा आणि उंच गुडघ्यांचा झाला आहे. लिंडी हॉप शिकल्यावर गुडघ्यांतली ती मऊ, जमिनीत उतरणारी स्पंदने परत सापडतात, ज्यांच्यावाचून जाइव्ह नुसता व्यायाम वाटतो.

स्टँडर्डसाठी मात्र मी पहिले नाव अर्जेंटिनी टँगोचे घेईन. हा टँगो आणि स्पर्धेतला टँगो आता एकमेकांपासून इतके दूर गेले आहेत की पकड, चाल, संगीत सगळेच वेगळे आहे; तरीही शिकण्याच्या दृष्टीने तो अनमोल आहे, कारण त्यात आकृत्यांचा ठरलेला क्रम नसतो. पुढचे पाऊल कुठे पडणार हे त्या क्षणी ठरते, छातीच्या किंचित हालचालीतून कळवले जाते, आणि समोरच्याने ते ओळखून मगच वजन हलवायचे असते. पाठ केलेल्या रचनेत हा संवाद टाळता येतो. दोघांनाही पुढे काय येणार ते माहीत असते, म्हणून कोणी कोणाला काही सांगत नाही. वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशनच्या परीक्षणात चार घटक पाहिले जातात: तांत्रिक दर्जा, संगीताला धरून हालचाल, जोडीदाराशी समन्वय, आणि नृत्यरचना व सादरीकरण. त्यातले संगीत आणि समन्वय हे दोन बॅलेची दांडी धरून फारसे सुधारत नाहीत. १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्सटन यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनमध्येही दुसऱ्याच्या वजनाला वजनाने उत्तर देण्याचेच शिक्षण आहे, जरी ते बॉलरूमच्या रूपापासून फारच लांब असले तरी.

याच संदर्भात दुसऱ्याची भूमिका शिकणे हेही एक वेगळे शिक्षणच मानले पाहिजे. बेआत्रिस काल्वो-मेरिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बॅले आणि कपोएरा जाणणाऱ्यांना दोन्ही शैलींच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूची नोंद घेतली. आपण शिकलेली शैली पाहताना हालचालीशी संबंधित भाग अधिक सक्रिय होत होते. यावर शंका अशी निघते की हा परिणाम नुसत्या पाहण्याच्या सवयीचा असेल. म्हणून २००६ च्या पुढच्या अभ्यासात बॅलेतल्याच फक्त पुरुषांनी किंवा फक्त स्त्रियांनी करायच्या हालचाली दाखवल्या. एकाच वर्गात वाढलेल्या नर्तकांनी परस्परांच्या हालचाली रोज पाहिलेल्या असतात. तरी मेंदूचा प्रतिसाद स्वतः केलेल्या हालचालींना जास्त होता. पाहिलेले आणि केलेले यांत शरीर भेद करते. जो पुरुष वॉल्ट्झमध्ये मागे जाण्याचे पाऊल स्त्रीच्या जागी उभा राहून शिकला आहे, त्याला आपण तिला किती उशिरा आणि किती जोराने ढकलतो हे अंगानेच कळते. कितीही निरीक्षण केले तरी ते त्याला डोळ्यांनी कळत नाही.

अनुभवी शिक्षकांचा यावर एक आक्षेप असतो, आणि तो हलका नाही: दोन शैली एकत्र शिकल्या की दोन्ही गढूळ होतात. शिकण्याच्या सुरुवातीला हे घडते यात वाद नाही. सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या सवयी एकमेकींना अडवतात. सालसा पक्का झालेला माणूस चा-चा-चामध्ये मात्रा चुकवतो तो त्यामुळेच. पण सरावातला गोंधळ म्हणजे शिक्षणातला तोटा, हे समीकरण तपासून घ्यावे लागते. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात हाताच्या वेगवेगळ्या हालचाली एकेक करून शिकलेल्यांपेक्षा मिसळून शिकलेल्यांची सरावातली कामगिरी वाईट होती, पण काही काळानंतर घेतलेल्या चाचणीत त्यांनाच जास्त आठवत होते. तो प्रयोग नाचाच्या शैलींवर नव्हता, हे मान्य. त्यावरून दोन नाच एकत्र सुरू करा असा सल्ला देता येणार नाही. चढउतारांनी घाबरून वर्ग सोडू नये एवढा धीर मात्र त्यातून मिळतो. माझ्या मते पहिल्या शैलीचे चालणे आणि पकड विचार न करता जमू लागेपर्यंत दुसरी सुरू करू नये, आणि सुरू केल्यावर ती अर्धवट न शिकता तिच्या स्वतःच्या नियमांनी शिकावी. फ्लामेंकोची चार पावले पासोत पेरण्यासाठी शिकलेला नर्तक फ्लामेंकोही गमावतो आणि पासोही.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. शैलीचे स्वतःचे व्यक्तित्व असते आणि बाहेरचे शिक्षण ते पुसते, असे म्हणणाऱ्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण बॉलरूमच्या इतिहासात त्याला आधार सापडत नाही. फॉक्सट्रॉट लोकप्रिय करणारे व्हर्नन आणि आयरीन कॅसल हे जोडपे जेम्स रीस युरोप या कृष्णवर्णीय संगीतकाराच्या वाद्यवृंदाबरोबर काम करत होते, आणि त्या संगीताची लय त्यांच्या नाचात उतरली. फ्रेड अस्टेअर यांच्या चित्रपटांतला नाच टॅप, बॉलरूम आणि बॅले यांच्या मिश्रणातून, हर्मीस पॅन यांच्या सहकार्याने घडला. १९३५ च्या ‘टॉप हॅट’मध्ये जिंजर रॉजर्स यांच्याबरोबर ते नाचतात तेव्हा पकडीतली चालही टॅप नर्तकाच्या कानाने मोजलेली वाटते. टॅपचे मोल तिथेच आहे. पायाचा प्रत्येक आघात ऐकू येत असल्यामुळे तालातली चूक लपत नाही.

मराठी वाचकाला इथे कथक आठवणे स्वाभाविक आहे, आणि ती आठवण निव्वळ अभिमानाची नाही. मुंबई-पुण्यात कितीतरी मुली बालपणी कथक शिकतात, आणि मोठेपणी सालसा किंवा बॉलरूमच्या वर्गाला जातात. गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती लग्नांत वॉल्ट्झ आणि जाइव्ह आजही नाचले जातात. कथकने दिलेल्या गोष्टींपैकी सगळ्यांत उपयोगी आहे ती पढंत. हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणायचे आणि मगच ते पायांतून काढायचे, या शिस्तीला बॉलरूममध्ये तोड नाही. त्रितालाच्या सोळा मात्रांत तिहाई बरोबर समेवर आणणाऱ्या मुलीला वॉल्ट्झमधल्या आठ आवर्तनांच्या वाक्याचा शेवट कुठे येतो हे निराळे शिकवावे लागत नाही. चक्करांच्या सरावाने भोवळ आवरण्याची क्षमताही तिने बहुधा कमावलेली असते. तत्कार मात्र तिला विसरावा लागतो, कारण तिथे तळवा जमिनीवर आपटतो आणि इथे तो जमिनीवरून सरकतो. फॉक्सट्रॉटमध्ये स्त्रीला टाचेवर वळण घ्यायचे असते, तेव्हा हा फरक फार बारीक होतो. चक्करात टाच जागेवर घट्ट रोवून शरीर तिच्याभोवती फिरते. फॉक्सट्रॉटच्या टाचेवरच्या वळणात मागे टाकलेल्या पायाची टाच फिरत असतानाच दुसरे पाऊल तिच्याजवळ येऊन मिळते, आणि वळण संपेपर्यंत वजन त्या दुसऱ्या पायाकडे सोपवून पुढे निघायचे असते. फिरण्याची हातोटी तिच्याकडे आधीपासून आहे. वजन वेळेवर सोडणे तेवढे नव्याने शिकायचे, आणि ते जोडीदाराच्या पकडीत जाण्याआधी एकटीने, खुर्चीच्या पाठीला बोटे टेकवून, संथ लयीत शिकणे सगळ्यांत सोपे जाते.